विमा कंपनीवर कमिशनर, कमिशनरवर कोण? (फ्लोरिडा आणि इतर राज्यांतल्या मंडळींसाठी)

टँपाकर

नमस्कार मंडळी,

टँपाजवळ राहून सोळा वर्षं झाली. परवा घराच्या विमा कंपनीचं पत्र आलं. छपराचं वय जास्त असल्यामुळे मुदत संपल्यावर पॉलिसी पुढे चालू ठेवणार नाही म्हणे. छपराला चौदा वर्षं झालीत. कुठे गळत नाही, कौल हललेलं नाही. मागच्या दोन वादळांत शेजाऱ्याचं कुंपण आमच्या अंगणात आलं, पण आमचं छप्पर जागेवर राहिलं. एकही क्लेम कधी केलेला नाही.

शेजारी म्हणतो राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार कर. ऑफिसातला एक जुना माणूस म्हणतो, "ते सगळे कंपन्यांचेच लोक, तू तुझ्या स्टेट हाऊसच्या आमदाराला लिही. विमा खात्याला घाम फुटतो तो फक्त आमदारांसमोर."

तर प्रश्न असा: हे विमा कमिशनर (म्हणजे राज्याच्या विमा खात्याचे प्रमुख) नक्की कुणाला उत्तर देतात? राज्याचं विधिमंडळ त्यांना खरंच जाब विचारतं का? आणि आमदाराला लिहिण्यात काही अर्थ आहे का? मला तर ते बदलीसाठी आमदाराची चिठ्ठी आणण्यासारखं वाटतं, म्हणून हात धजत नाही.

गवतीचहा

चहा टाकलाय. चालू द्या.

नांदेडचा_नाना

आधी एक बाळबोध शंका. विमा राज्याकडे कसा काय? आपल्याकडे विमा हा केंद्राचा विषय, इर्डाचं (विमा नियामकाचं) ऑफिस हैदराबादला, कायदा १९९९ चा. मुंबईच्या विधानसभेत कुणी विमा कंपनीच्या नावाने कितीही ओरडलं तरी तिचा परवाना काढून घेता येत नाही. अमेरिकेसारख्या देशात पन्नास राज्यांत पन्नास कमिशनर?

कोर्टाची_पायरी

नाना, शंका बाळबोध नाही. यावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात दोनदा रणकंदन झालंय. (वकील आहे, पण विम्याचा नाही. सल्ला समजू नये.)

व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गमध्ये सॅम्युअल पॉल नावाचा एक एजंट न्यूयॉर्कच्या कंपन्यांच्या पॉलिसी विकायचा. राज्याचा परवाना नसताना विकल्या म्हणून दंड झाला. तो भांडत थेट सुप्रीम कोर्टात गेला. म्हणणं असं, की हा राज्याराज्यांतला व्यापार आहे, व्हर्जिनियाने यात पडू नये. कोर्टाने १८६९ मध्ये सांगितलं की विम्याचा करार हा मुळी व्यापारच नाही. झालं, पुढची पंचाहत्तर वर्षं विमा राज्यांच्या ताब्यात.

मग १९४४ मध्ये साउथ-ईस्टर्न अंडररायटर्सच्या खटल्यात त्याच कोर्टाने कोलांटी मारली: विमा हा व्यापारच आहे, मक्तेदारीविरोधी केंद्रीय कायदे त्याला लागू. कंपन्याही घाबरल्या, राज्यंही घाबरली. विमा कंपन्यांवरचा कर हे राज्यांचं मोठं उत्पन्न. वर्षभरात, मार्च १९४५ मध्ये, काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून विमा पुन्हा राज्यांच्या पदरात घातला. अट एकच: राज्याने त्याचं नियमन प्रत्यक्षात करायला हवं.

म्हणजे टँपाकरांच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. कमिशनरकडे जो अधिकार आहे तो राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून दिलेला. देणाराच विचारू शकतो. विचारतो का, ही वेगळी गोष्ट.

गवतीचहा

वकीलसाहेब, इतकं छान सांगून वर "सल्ला समजू नये". खरा वकील.

पेन्सिलटोक

मी ॲक्चुअरी (विम्याचा धोका आणि दर मोजणारा) आहे, काही वर्षं फ्लोरिडातल्या कंपन्यांची दरपत्रकं तयार केली आहेत, त्यामुळे शिव्या खायला तयार बसलोय.

@टँपाकर, आधी तुमचं काम. मे २०२२ च्या खास अधिवेशनात कायदा झाला की छप्पर पंधरा वर्षांच्या आतलं असेल तर निव्वळ वयाच्या कारणावरून कंपनी पॉलिसी नाकारू शकत नाही, नूतनीकरणही नाही. पंधरा किंवा जास्त असेल तर तुम्हाला तपासणी करून घ्यायची संधी द्यावी लागते. तपासनिसाने "अजून किमान पाच वर्षं टिकेल" असं लिहून दिलं तर वयाचं निमित्त चालत नाही. तुमचं चौदाचं आहे. घराची परमिटची कागदं काढा आणि छप्पर घातल्याची तारीख पक्की करा. बरेचदा कंपनीच्या फाइलीत घर बांधल्याचं वर्षच छपराचं म्हणून पडलेलं असतं.

आता मोठा प्रश्न. फ्लोरिडात पूर्वी विमा कमिशनर निवडून यायचा. २००३ पासून ती पद्धत गेली. आता गव्हर्नर, सीएफओ (राज्याच्या तिजोरीचा प्रमुख), ॲटर्नी जनरल आणि कृषी कमिशनर अशा चौघांचं मंडळ त्याला नेमतं. म्हणजे कमिशनर तुम्हाला थेट बांधील नाही. विधिमंडळाच्या हातात कायदा, बजेट आणि समितीपुढची चौकशी एवढंच.

टँपाकर

अरे वा! घर २००४ चं आहे आणि छप्पर २०११ चं. म्हणजे फाइलीत नक्की तेच झालं असणार. परमिट शोधतो. धन्यवाद!

मुकादम

तुमचं काम झालं, पण धागा आता सुरू होतोय. पेन्सिलटोक, तो दडवलेल्या अहवालाचा मामला सांगा की. फ्लोरिडातलेच ना तुम्ही?

पेन्सिलटोक

मुकादम, तुम्ही बरोबर जखमेवर बोट ठेवलंत.

२०२२ मध्ये फ्लोरिडात अर्धा डझन कंपन्या बुडाल्या. कंपन्या म्हणत होत्या की वकिलांनी लुटलं. ते खोटंही नव्हतं. देशातल्या घरविम्याच्या क्लेमांपैकी फ्लोरिडाचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत, पण नियामकाच्याच आकडेवारीनुसार कोर्टातल्या दाव्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त इथले. डिसेंबर २०२२ च्या खास अधिवेशनात विधिमंडळाने कंपनी हरली तर ग्राहकाच्या वकिलाची फी कंपनीने भरायची ही जुनी तरतूद काढून टाकली. क्लेम कळवायची मुदत दोन वर्षांवरून एक वर्ष केली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये टँपा बे टाइम्सने बातमी दिली की नियामकाने स्वतःच एक अभ्यास करवून घेतला होता, २०२२ मध्ये तो तयारही होता, आणि आमदारांनी ते कायदे केले तेव्हा तो त्यांच्यासमोर नव्हता. त्यात काय होतं? २०१७ ते २०१९ या काळात कंपन्या तोटा दाखवत होत्या, पण भागधारकांना ६८ कोटी डॉलर गेले होते आणि त्याहून कितीतरी जास्त रक्कम त्याच मालकांच्या भावंड कंपन्यांकडे वळली होती.

ही भावंड कंपनी कशी चालते ते सांगतो. विमा कंपनीचा दर आणि नफा नियामकाच्या नजरेखाली असतो. म्हणून मालक शेजारी दुसरी कंपनी काढतो. पॉलिसी विकणं, क्लेम तपासणं, कॉम्प्युटर सांभाळणं, सगळं तिच्याकडे. त्याची फी विमा कंपनी भरते. विमा कंपनी कोरडी, भावंड ओलं. फी वाजवी असेल तर यात बेकायदा काही नाही. वाजवी किती हे ठरवायचं नियामकाने.

मुकादम

आहाहा. आमच्या साखर कारखान्याची आठवण झाली. कारखाना कायम तोट्यात. पण ऊसतोडणी-वाहतुकीचा ठेका, बारदानाचा ठेका, मळीची उचल, सगळं घरातल्यांकडे. वार्षिक सभेत सभासदाने विचारलं की माइक बंद पडायचा.

नांदेडचा_नाना

मुकादम +१००. आणि सभेत वडे मात्र गरम असायचे.

टँपाकर

मग आमदारांनी पुढे काय केलं?

पेन्सिलटोक

हाऊसचे स्पीकर डॅनियल पेरेझ म्हणाले की सुनावणी घेऊ. मार्च २०२५ मध्ये समितीपुढे आत्ताचे कमिशनर मायकल यावोर्स्की आणि आधीचे डेव्हिड ऑल्टमायर दोघेही येऊन बसले. अहवाल कच्चा होता, अपुरा होता, असा बचाव झाला. आमदार चिडलेले दिसले. पण वरातीमागून घोडं. कायदा २०२२ मध्येच झाला होता.

माझं मत विचाराल तर, वकिलांच्या फीची तरतूद काढणं बरोबरच होतं आणि अहवाल न दाखवणंही तितकंच चूक. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, पण इथे कुणाला ते आवडत नाही.

सॅनहोजेची_सून

म्हणूनच आमच्या कॅलिफोर्नियात कमिशनर निवडून देतात! १९८८ चं प्रपोझिशन १०३. लोकांनी मतदानाने कायदा केला: दर वाढवायचा तर आधी परवानगी, घर आणि गाडीच्या विम्यात ७ टक्क्यांच्या वर वाढ मागितली तर ग्राहकाच्या बाजूने सुनावणी मागता येते, आणि कमिशनर लोकांनी निवडायचा. विधिमंडळाला त्यात सहज लुडबूडही करता येत नाही. दुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात आणि तीही मूळ हेतू पुढे नेणारीच हवी. देशात अशी निवडणूक होणारी राज्यं फक्त अकरा.

पेन्सिलटोक

सूनबाई, आणि म्हणूनच तुमच्याकडे कंपन्या दुकान आवरतायत. मे २०२३ मध्ये स्टेट फार्मने घराचे नवे अर्ज घेणं थांबवलं. पुढच्या मार्चमध्ये ७२,००० पॉलिसी पुढे चालू ठेवणार नाही म्हणून सांगितलं. दर दाबून ठेवला की विमा स्वस्त होत नाही, नाहीसा होतो.

सॅनहोजेची_सून

फ्लोरिडात दर दाबून ठेवले नाहीत, तरी तुमच्याकडे अर्धा डझन बुडाल्याच ना? मग?

माझी चुलत जाऊ पॅसाडेनाच्या वरच्या अंगाला राहते. तिच्या कंपनीने (नाव घेत नाही) आगीच्या सहा महिने आधी पत्र पाठवलं. ती फेअर प्लॅनमध्ये (दुसरी कुठली कंपनी घेत नाही त्यांच्यासाठीचा शेवटचा पर्याय) गेली. हप्ता दुप्पट, संरक्षण निम्मं. जानेवारी २०२५ च्या ईटनच्या आगीत घर वाचलं, पण धुराने आतलं सगळं गेलं. भिंतीच्या आतलं इन्सुलेशन बदलायचं की पुसून घ्यायचं यावर तिची चार महिने पत्रापत्री चालली. त्या वेळी तुमचं दराचं गणित ऐकायला तिच्यापुढे बसून दाखवा.

पेन्सिलटोक

मान्य. ते ऐकवण्यासारखं नाही. माफी.

कोर्टाची_पायरी

निवडून दिला म्हणजे लोकांचा झाला असं मात्र नाही हं. कॅलिफोर्नियाचीच गोष्ट. चक क्वाकेनबुश.

१७ जानेवारी १९९४ ला नॉर्थरिजचा भूकंप झाला. क्लेम नीट दिले नाहीत म्हणून खात्याच्याच तपासनिसांनी कंपन्यांवर जबर दंड करावा असं लिहिलं होतं. निवडून आलेल्या या कमिशनरने दंड न करता कंपन्यांकडून सुमारे सव्वा कोटी डॉलर 'देणगी' म्हणून घेतले, तेही स्वतःच्या खात्याने उभ्या केलेल्या संस्थांत. भूकंपग्रस्तांना त्यातून काही मिळालं नाही. पैसे टीव्हीवरच्या जाहिरातींत गेले, ज्यात साहेब स्वतः झळकत होते. थोडे त्याची मुलं जायची त्या फुटबॉल शिबिरालाही.

हे उघडकीस आलं ते खात्यातल्या एका वकीलबाईंमुळे. त्यांनी ते दडवलेले तपासणी अहवाल विधिमंडळाच्या लोकांपर्यंत पोचवले. मग असेंब्लीच्या समितीने सुनावण्या लावल्या. महाभियोग डोक्यावर आला तेव्हा, २००० च्या जूनअखेर, त्याने राजीनामा दिला.

टँपाकर, तुमच्या प्रश्नाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. निवडणुकीने त्याला हटवलं नाही, उलट १९९८ मध्ये लोकांनी पुन्हा निवडून दिलं होतं. हटवलं विधिमंडळाने. आणि विधिमंडळाला जाग आली ती आतल्या माणसाने कागद दिल्यावर.

अण्णा_डॅलसवाले

वकीलसाहेब, पुढचा भाग राहिला. हा क्वाकेनबुश नंतर फ्लोरिडात ली काउंटीच्या शेरीफकडे पोलीस म्हणून नोकरीला लागला. टँपाकर, गाडी जपून चालवा.

गवतीचहा

😂😂 चहा सांडला.

मुकादम

लुइझियानाचं कुणी काढलं नाही अजून? तिथे लागोपाठ तीन निवडून आलेले विमा कमिशनर तुरुंगात गेले. बर्नार्ड, ग्रीन, ब्राउन. आणि जॉर्जियाच्या जिम बेकने तर वर्षही पूर्ण केलं नाही. २०१८ ला निवडून आला, २०१९ ला आरोपपत्र, २०२१ ला दोषी. आधीच्या नोकरीत वीस लाख डॉलरहून जास्त खाल्ले होते. आणि ती आधीची नोकरीही विम्यातलीच!

कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

अण्णा_डॅलसवाले

आमच्या टेक्सासात कमिशनर गव्हर्नर नेमतो, सेनेटने मान्यता द्यायची. पण आमच्याकडे एक गंमत आहे, सनसेट. १९७७ चा कायदा. सर्वसाधारणपणे दर बारा वर्षांनी प्रत्येक खात्याची हजेरी. विधिमंडळाने "चालू ठेवा" असा कायदा केला नाही तर खातं आपोआप बंद! विमा खातंही त्यात येतं. सनसेट आयोगात आमदार, सेनेटर आणि थोडे बाहेरचे लोक. त्यांचे कर्मचारी खात्याच्या ऑफिसात महिनोन्‌महिने तळ ठोकून असतात. कुठली तक्रार किती दिवस पडून राहिली, कुठला फॉर्म कुणी वाचत नाही, सगळं लिहितात. शेवटी जाहीर सुनावणी, कुणीही नाव नोंदवून बोलू शकतं.

मी एकदा गेलो होतो. माझ्या आधी तेवीस जण. मला तीन मिनिटं मिळाली, त्यातलं एक मिनिट माझ्या आडनावाचा उच्चार ठरवण्यात गेलं.

नांदेडचा_नाना

हे मात्र झकास आहे. आपल्याकडे असा कायदा झाला तर किती महामंडळं उरतील, मोजा.

अण्णा_डॅलसवाले

नाना, फार हुरळू नका. आमचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच भरतं, १४० दिवस. उरलेल्या वेळात खात्याला विचारायला अंतरिम समित्या आणि देव.

शिकागोचं_वारं

आमच्याकडे उलटी तऱ्हा. इलिनॉयमध्ये घरविम्याचा दर जास्त आहे म्हणून तो फेटाळायचा अधिकारच विमा खात्याला नाही. कंपनीने दर दाखल करायचा आणि लावायचा. २०२५ च्या उन्हाळ्यात स्टेट फार्मने सरासरी २७.२ टक्के वाढ जाहीर केली. कंपनी आमचीच, ब्लूमिंग्टनची. गव्हर्नर प्रित्झकर म्हणाले, विधिमंडळाने कायदा करावा. म्हणजे आमच्या खात्याला जाब विचारून काय करणार? ते म्हणेल, साहेब, काठी दिलीत का हातात?

तेव्हा जाब विचारणाऱ्यांनी आधी स्वतःला विचारावं, असं माझं मत.

कोर्टाची_पायरी

शिकागोचं_वारं, नेमकं. याचीच दुसरी बाजू सांगतो. ही भानगड फारशी कुणाला माहीत नसते.

सगळ्या राज्यांच्या कमिशनरांची एक संघटना आहे, एनएआयसी. १८७१ पासूनची. सरकारी खातं नाही, नफा न कमावणारी खाजगी संस्था. ती नमुना कायदे लिहिते, कंपन्यांचे हिशेब कसे ठेवायचे याची जाडजूड पुस्तिका काढते. बऱ्याच राज्यांच्या कायद्यात एवढंच असतं की "हिशेब एनएआयसीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावेत". आता पुस्तिका तर दर वर्षी बदलते. म्हणजे विधिमंडळात एकही मत न पडता राज्याचा कायदा बदलला! शिवाय ही संघटना राज्यांच्या खात्यांना मान्यता देते आणि मान्यता टिकवायची तर ठरावीक नमुना कायदे मंजूर करावे लागतात. म्हणजे ज्याच्यावर देखरेख करायची तोच येऊन सांगतो, हा कायदा करा नाहीतर राज्याची मान्यता जाईल.

आमदारांना हे खुपायला लागलं. विम्यात रस असलेल्या आमदारांची वेगळी संघटना आहे, एनसीओआयएल, १९६९ पासून. कायदे करणं आमचं काम, तुमचं नाही, असं ते कमिशनरांना पुन्हा पुन्हा सुनावतात आणि स्वतःचे नमुना कायदे काढतात.

पेन्सिलटोक

खरं आहे, पण न्यायाने बोला. ती हिशेबाची पुस्तिका कुठल्या विधिमंडळाने ओळीओळीवर चर्चा करून मंजूर करावी अशी अपेक्षा आहे? मी धंद्यात राहून ती पूर्ण वाचलेली नाही. आणि त्या आमदारांच्या संघटनेच्या बैठकांना खुर्च्यांवर निम्मे लोक कंपन्यांचे असतात.

कोर्टाची_पायरी

कमिशनरांच्या बैठकांना नसतात काय!

मुकादम

आज शिट्टी वाजवणारा पंच, उद्या त्याच संघाचा कोच. चालायचंच.

रविवारची_भाजी

थोडं अवांतर, पण कुणाला उपयोग होईल. मागच्या वर्षी आरोग्यविम्याने मुलीची थेरपी नाकारली. मी अगदी जोरात राज्याच्या विमा खात्याला तक्रार केली, आमदाराच्या ऑफिसलाही प्रत पाठवली. तीन आठवड्यांनी खात्याचं सभ्य पत्र: तुमच्या कंपनीची योजना स्वतःच्या पैशावर चालणारी आहे, ती आमच्या कक्षेत नाही. कार्डावर विमा कंपनीचं नाव मोठ्ठं छापलेलं, पण ती फक्त कारकुनी करते, पैसा मालकाचा! अशा योजनांना १९७४ चा एरिसा नावाचा केंद्रीय कायदा लागतो आणि दाद केंद्राच्या लेबर खात्याकडे. तर भांडायला निघण्याआधी एचआरला विचारा, योजना कसली आहे.

शिकागोचं_वारं

हे अवांतर नाही, सोनं आहे. पुराचा विमाही तसाच. १९६८ पासूनची केंद्राची योजना आहे, घराच्या पॉलिसीत पूर नसतो. टँपाकर, तुम्ही तर समुद्राशेजारी.

नांदेडचा_नाना

तुमचं वाचून आपल्याकडचा पीकविमा आठवला. परवाना इर्डाचा, पण हप्त्यात राज्याचा मोठा वाटा. म्हणून विधानसभेत पीकविम्यावर गोंधळ होतो तेव्हा आमदाराच्या हातात कंपनीचा परवाना नसला तरी थैलीची दोरी असते. बीड पॅटर्न तिथूनच आला: नुकसानभरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचं राज्याने सोसायचं, ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीने आपला वाटा ठेवून उरलेलं राज्याला परत करायचं. मग २०२३ ला एक रुपयात विमा आला, बोगस अर्जांचे ढीग लागले, आणि २०२५ ला तो गेला. माझ्या भावाच्या सातबाऱ्यावर तिसऱ्याच कुणीतरी विमा काढला होता. भाऊ म्हणाला, निदान त्या माणसाने कांदा तरी बरोबर लिहिला.

गवतीचहा

नाना, तुमच्या भावाला धागा काढायला सांगा.

टँपाकर

मंडळी, महिन्याभराने येतोय. क्षमस्व.

काउंटीच्या साइटवर परमिट सापडलं. २०११, ऑगस्ट. ते जोडून कंपनीला पत्र लिहिलं, त्यात पेन्सिलटोकांनी सांगितलेल्या कायद्याचा उल्लेख केला. दहा दिवस काही नाही. मग खात्याकडे तक्रार टाकली आणि, हो, धीर करून आमदाराच्या ऑफिसला फोन केला. तिथे एक विशीतली मुलगी होती. तिने सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "छपराचीच ना? या आठवड्यातले तुम्ही सहावे." तिने खात्यातल्या संपर्क अधिकाऱ्याला माझा तक्रार क्रमांक कळवला. बदलीच्या चिठ्ठीसारखं मुळीच वाटलं नाही. तिच्याकडे यासाठी चक्क फॉर्म होता.

पुढच्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. "आमच्या नोंदीत दुरुस्ती केली आहे," आणि पॉलिसी चालू. हप्ता मात्र १८ टक्क्यांनी वाढलाय.

पेन्सिलटोक

अभिनंदन! पुढच्या वर्षी पंधरा पूर्ण होतील, तपासनीस आत्ताच शोधून ठेवा. ऑगस्टात मिळत नाहीत.

मुकादम

आणि त्या मुलीला विचारा, बाकीचे पाच कुठल्या कंपनीचे होते. आमदार विचारो न विचारो, ती सगळं लिहून ठेवत असणार.

टँपाकर

विचारलं होतं. हसली आणि म्हणाली, "सुनावणी झाली तर या."